विस्तारित चढाई आणि बचावाची रचना : बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयीन कबड्डीच्या संदर्भात

प्रस्तावना

गावच्या यात्रेतील सामना असो वा विद्यापीठाची आंतरविभागीय स्पर्धा, कबड्डी पाहणाऱ्याची दृष्टी स्वाभाविकपणे चढाई करणाऱ्या गड्यावर खिळलेली असते. तो एकटा असतो, समोर सात जण असतात आणि टाळ्या त्याच्या वाट्याला येतात. समोरचे सात जण काय करतात, कोठे उभे राहतात, कोण कोणाचा हात धरतो आणि केव्हा सोडतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बारामती व इंदापूर या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या क्रीडा समित्यांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांचाही अनुभव याहून वेगळा नसावा. संघ जिंकला की चढाईपटूचा सत्कार होतो. संघ हरला की कोपऱ्यातील गड्याला बोल लावला जातो. हा न्याय कितपत योग्य आहे, याचा विचार तांत्रिक अंगाने करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गेल्या काही वर्षांत चढाईच्या तंत्रात एक महत्त्वाचा बदल झाला आहे. पूर्वीचा चढाईपटू बचावाच्या फळीतील एखादा कच्चा गडी हेरून त्याच्यावर चालून जात असे. आजचा कुशल चढाईपटू आधी संपूर्ण फळीच ताणतो. एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे, निदान रेषेपासून बोनस रेषेपर्यंत तो बचावपटूंना हलवत राहतो. त्यांच्यामधील अंतर वाढले की मग स्पर्श करतो. या पद्धतीस प्रस्तुत लेखात ‘विस्तारित चढाई’ असे म्हटले आहे. ही संज्ञा कबड्डीच्या नियमपुस्तकातील नव्हे. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ‘स्प्रेड ऑफेन्स’ नावाची आक्रमणपद्धती रूढ आहे, तिच्याशी असलेल्या साम्यावरून ती सुचली आहे. त्या खेळाकडे पुढे वळावयाचे आहेच.

मैदानाचे गणित

प्रश्न समजण्यासाठी प्रथम मैदानाची मापे लक्षात घेणे आवश्यक आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेमुळे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचे अर्धे मैदान येते. दोन्ही कडांना एक-एक मीटरची राखीव क्षेत्रे असतात. चढाईपटूचा व बचावपटूंचा परस्परांना स्पर्श होईपर्यंत ही राखीव क्षेत्रे खेळाबाहेर असतात. स्पर्श होऊन झटापट सुरू झाली की ती खेळात येतात. म्हणजेच स्पर्शापूर्वी मैदानाची रुंदी ८ मीटर आणि स्पर्शानंतर १० मीटर. ज्या क्षणी बचावपटूंनी एकवटावयाचे, नेमक्या त्याच क्षणी मैदान रुंदावते. बचावाच्या दृष्टीने कबड्डीच्या नियमांत याहून अडचणीची दुसरी गोष्ट नाही असे आमचे मत आहे.

आता क्षेत्रफळ पाहू. स्पर्शापूर्वी एका बाजूचे खेळाचे क्षेत्र ५२ चौरस मीटर असते. सातही गडी मैदानात असताना प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे साडेसात चौरस मीटर जागा येते. तीनच गडी उरले असता ती १७ चौरस मीटरांहून अधिक होते. सात गडी ८ मीटर रुंदीत समान अंतराने उभे राहिले तर दोघांमधील अंतर सव्वा मीटरच्या थोडे पुढे जाते. हात पुढे केला की शेजाऱ्याचा हात हाती येतो. चारच गडी असता हे अंतर पावणेतीन मीटरच्या आसपास, आणि तिघे असता ४ मीटर होते. प्रत्यक्षात कोणताही संघ सरळ रेषेत उभा राहत नाही, नालेच्या आकारात उभा राहतो, हे खरे. परंतु मदतीला धावणाऱ्या गड्याला किती अंतर कापावे लागते, याची कल्पना या आकड्यांवरून यावी.

खोलीच्या दिशेनेही बचावावर असाच ताण येतो. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत केवळ पावणेदोन मीटरची पट्टी उरते. बचावाच्या बाजूने सहा किंवा सात गडी मैदानात असतील तर चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून, त्या क्षणी दुसरा पाय हवेत ठेवल्यास त्याला एक गुण मिळतो. मात्र या गुणाने त्याच्या संघाचा बाद गडी जिवंत होत नाही. हा गुण रोखायचा तर कोपऱ्यातील गड्यांना पुढे सरकावे लागते. पुढे सरकले की त्यांच्या मागची व कडेची जागा मोकळी होते. मागे राहिले तर बोनस जातो. विस्तारित चढाईचे सारे मर्म या पेचात आहे.

चढाईपटू फळी कशी ताणतो

अशा चढाईचा प्रारंभ बहुधा मंद असतो. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून एका कडेने चालू लागतो, बोनससाठी पाय टाकल्याचा आभास निर्माण करतो, परततो, आणि त्याच वेगाने दुसऱ्या कडेकडे वळतो. ३० सेकंदांच्या अवधीत तो असे दोन-तीन फेरे घालतो. प्रत्येक फेऱ्यात सातही जणांना पावले बदलावी लागतात. सात जणांची पावले सात वेगळ्या वेगांनी बदलतात. तिसऱ्या फेऱ्याला कोपरा व त्याच्या शेजारचा गडी यांचा हात सुटतो, किंवा कव्हरचा गडी अर्धे पाऊल मागे पडतो. चढाईपटू या अर्ध्या पावलाचीच वाट पाहत असतो. धावता हात मारून तो कडेच्या गड्याला टिपतो आणि राखीव क्षेत्राचा आधार घेत मध्यरेषेकडे झेपावतो. साखळीने घेरलेच तर जोडलेल्या हातांखालून डुबकी मारतो किंवा त्यावरून उडी घेतो.

फळी विस्कटली की एका चढाईत काय घडू शकते याचे उदाहरण २०१७ च्या प्रो कबड्डी लीगमध्ये पाहावयास मिळाले. पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एकाच चढाईत सहा गडी बाद करून लोणासह आठ गुण मिळवले. त्या चढाईची चित्रफीत आमच्या संघाला आम्ही अनेकदा दाखवली आहे. मुले नरवालची डुबकी पाहतात. आम्ही त्यांना सहा बचावपटूंची पावले पाहण्यास सांगतो. पहिल्याने पकड केली तेव्हा दुसरा किती दूर होता, आणि दुसरा आला तेव्हा पहिल्याची पकड टिकली होती का? बहुतेक प्रसंगी उत्तर एकच येते : सर्व जण आले, परंतु एकेक करून आले. चढाईपटू सुटला की स्पर्श झालेला प्रत्येक गडी बाद होतो. म्हणून मदतीस उशिरा येणे हे मदतीस न येण्यापेक्षाही महाग पडते.

दुसऱ्या एका खेळाचा दाखला

अमेरिकन फुटबॉलचे मैदान सुमारे ४९ मीटर रुंद असते व प्रत्येक संघात अकरा खेळाडू खेळतात. तेथे आक्रमण व बचाव दोन्ही प्रदीर्घ काळ मैदानाच्या मध्यभागी दाटीवाटीने होत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओहायो राज्यातील मिडलटाउन येथील शालेय प्रशिक्षक टायगर एलिसन यांनी चेंडू झेलणारे खेळाडू मैदानाच्या दोन्ही कडांपर्यंत पसरवण्याची पद्धत विकसित केली. पुढे तिची अनेक रूपे निघाली आणि महाविद्यालयीन खेळात ती सर्वत्र पसरली. तिचे तत्त्व साधे आहे : आक्रमक पसरले की बचावपटूंनाही पसरावे लागते; ते पसरले की प्रत्येकाला मोकळ्या जागेत, एकट्याने, धावत्या प्रतिस्पर्ध्याला पाडावे लागते.

यावर तेथील बचावाने काढलेले उपाय आपल्या दृष्टीने उद्बोधक आहेत. पहिला उपाय माणसे बदलण्याचा होता. वजनदार बचावपटूच्या जागी हलका व चपळ पाचवा पार्श्वरक्षक आणण्यात आला. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचे प्रशिक्षक गॅरी पॅटरसन यांनी तर पाच पार्श्वरक्षकांची रचना हीच आपली नित्याची रचना केली. २०१७ पासून आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संघाने तीन खेळाडू खोलवर मागे ठेवण्याची पद्धत यशस्वी करून दाखवली. या पद्धतीत समोरचे छोटे लाभ जाणूनबुजून दिले जातात आणि मोठी धाव तेवढी रोखली जाते. दुसरा उपाय याहून मूलभूत आहे. पहिल्या बचावपटूने धावणाऱ्याला एकट्याने पाडण्याचा हट्ट धरायचा नाही. एक बाजू बंद करायची आणि त्याला जिकडे आपला सहकारी आहे तिकडे वळवायचे.

यांपैकी पहिला उपाय कबड्डीत जवळजवळ बंद आहे. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलोची कमाल वजनमर्यादा आहे, आणि जे सात जण बचाव करतात त्यांनाच चढायाही कराव्या लागतात. अमेरिकन फुटबॉलप्रमाणे प्रत्येक डावपेचासाठी वेगळा चमू उतरवता येत नाही. खोलवर थांबून छोटा लाभ देणे आणि प्रतिस्पर्ध्याला सहकाऱ्याकडे वळवणे या दोन गोष्टी मात्र कबड्डीत पुरेपूर लागू पडतात.

काय द्यायचे हे आधी ठरवणे

विस्तारित चढाईपुढे हरणारा बचाव सर्व काही रोखू पाहतो. बोनसही द्यायचा नाही, स्पर्शही होऊ द्यायचा नाही, कडही सोडायची नाही, असा त्याचा पवित्रा असतो. ५२ चौरस मीटरमध्ये हे शक्य नाही. म्हणून कोणता गुण द्यायचा हा पहिला प्रश्न आहे, आणि तो चढाई सुरू होण्यापूर्वी सुटलेला असला पाहिजे.

येथे गुणांचा हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरते. चढाईपटूने केवळ बोनस घेतला तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. आपला कोणीही बाद होत नाही व त्यांचा कोणीही जिवंत होत नाही. बोनस रोखण्यासाठी कोपऱ्याने झेप घेतली आणि ती चुकली तर बोनस अधिक स्पर्श असे दोन गुण जातात, आपला एक गडी बाद होतो आणि त्यांचा एखादा बाद गडी असल्यास तो परत येतो. याउलट बोनस घेऊ देऊन परतीच्या वाटेवर पकड केली तर दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो, पण त्यांचा चढाईपटू बाहेर जातो व आपला गडी जिवंत होतो. शिवाय बोनससाठी पाय टाकलेला चढाईपटू मध्यरेषेपासून पावणेपाच मीटर दूर असतो. पकडीसाठी याहून अनुकूल जागा दुसरी नाही. तेव्हा बोनस हा पुष्कळदा बचावाने लावलेला सापळा ठरू शकतो.

अर्थात प्रत्येक चढाईत बोनस देणे परवडणारे नाही. वीस मिनिटांच्या डावात, प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंदांची धरली तरी, एका संघाच्या वाट्याला सुमारे २० चढाया येतात. प्रत्येक वेळी एक गुण देत गेल्यास सामना तेथेच संपतो. कोणत्या चढाईपटूला बोनस द्यायचा आणि कोणाला नाही, याचा निर्णय कर्णधाराने त्याच्या परतीच्या वेगावरून करावयाचा असतो. उंच, लांब पायांचा पण वळण्यास मंद असलेला गडी बोनससाठी आत आला तर येऊ द्यावा. बुटका, झटकन वळणारा गडी असेल तर मात्र कोपऱ्यांनी अर्धे पाऊल पुढे राहून त्याला रेषेबाहेरच रोखून धरावे.

मैदानात पाच गडी उरले की बोनस बंद होतो आणि चित्र पालटते. आता चढाईपटूला गुण हवा असेल तर स्पर्श करणे भाग असते. अशा वेळी बचावाने मागे सरून थांबावे हे उत्तम. तीन किंवा त्याहून कमी गडी असता केलेली पकड अव्वल पकड ठरून तिचा एक अधिक गुण मिळतो. म्हणून तेव्हा घाई आणखीच वाईट. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, अन्यथा चढाईपटू बाद, हा नियम व्यावसायिक लीगमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. तीन गड्यांच्या बचावाने या तिसऱ्या चढाईची वाट पाहावी. पहिल्या दोन चढायांत काहीच न करणे हेच त्याचे काम होय. पण प्रेक्षक ओरडत असतात, मार्गदर्शकही ओरडत असतात, आणि विशीतील मुलाला स्वस्थ उभे राहणे जमत नाही.

सातांची साखळी की तीन जोड्या

कबड्डीच्या पारंपरिक शिकवणीत दोन-तीन-दोन अशी रचना सांगितली जाते : दोन्ही कडांना दोन-दोन आणि मध्यभागी तीन. ही रचना आजही उपयुक्त आहे, परंतु तिचा अर्थ बदलला आहे. पूर्वी साखळी हे घेरण्याचे साधन मानले जाई. विस्तारित चढाईसमोर लांब साखळी तोट्याची ठरते, कारण हात जोडलेल्या गड्यांचा वेग त्यांतील सर्वांत मंद गड्याइतका असतो. चढाईपटूने दोन वेळा दिशा बदलली की लांब साखळी आपल्याच पायांत अडकते.

म्हणून साखळी मोडून जोड्या कराव्यात. कोपरा व त्याचा शेजारी ही एक जोडी. दुसऱ्या कडेला तशीच दुसरी. मध्यभागी दोन कव्हर व सेंटर. जोडीने एकमेकांचा हात सोडायचा नाही असा नियम नसून, एकमेकांपासून हातभर अंतराबाहेर जायचे नाही असा आहे. चढाईपटू डाव्या कडेकडे वळला तर डावी जोडी जागा धरते, मधले तिघे एक पाऊल सरकतात आणि उजवी जोडी आत येऊन मध्यभाग व्यापते. उजवी कड त्या क्षणी मोकळी पडते, आणि ती पडू द्यावी. कारण तेथपर्यंत पोहोचण्यास चढाईपटूला संपूर्ण रुंदी कापावी लागेल व तेवढ्या वेळात उजवी जोडी परतू शकते.

पकडीचे श्रेय पहिल्या गड्याला दिले जाते, पण पकड यशस्वी करतो तो दुसरा. कोपऱ्याने घोटा धरला की चढाईपटूचा तोल जातो. तो सावरण्यापूर्वी कव्हरने कंबरेस किंवा मांडीस भिडले पाहिजे. या दोन क्रियांतील अंतर ‘एक’ म्हणण्याइतके असावे, ‘एक, दोन’ म्हणण्याइतके झाले तर पकड सुटते, असे आम्ही मुलांना सांगतो. यासाठी पहिल्याने कोणती बाजू बंद करायची हे ठरलेले असावे लागते. कोपऱ्याने नेहमी बाहेरची, म्हणजे राखीव क्षेत्राकडील बाजू बंद करावी. स्पर्शानंतर मैदान त्याच बाजूस एक मीटरने रुंदावणार असते. चढाईपटूला आत वळावे लागले तर तेथे कव्हर उभाच असतो. बाहेरची बाजू उघडी ठेवून केलेली सुंदर घोटापकडही बहुधा वाया जाते.

राखीव क्षेत्राच्या एका मीटरचे महत्त्व किती, हे हांगझोऊ येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात साऱ्या जगाने पाहिले. भारत व इराण २८-२८ अशा बरोबरीत असताना पवन सेहरावत चढाईत स्पर्शाविना राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही गेले. बाद कोण, यावरून वाद होऊन सामना बराच काळ थांबला. अखेरीस भारत ३३-२९ असा विजयी ठरला. वादाच्या गुणवत्तेत येथे शिरण्याचे कारण नाही. बचावपटूंच्या पायांना रेषेचे भान राहिले नाही, एवढीच गोष्ट आपल्या कामाची आहे. त्याच इराणने २०१८ साली जकार्ता येथे उपान्त्य फेरीत भारताच्या पुरुष संघास २७-१८ असे हरवले होते. सबंध सामन्यात भारतासारख्या संघाला १८ गुणांवर रोखता येते, हा त्या निकालाचा बचावाच्या अभ्यासकासाठी अर्थ.

माती, मॅट आणि आपली मुले

आता आपल्या परिसराकडे वळू. बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. नीरेच्या कालव्याखालील ऊसपट्टा सोडला तर जमीन बरीचशी मुरमाड आहे. गावोगावी तालमी आहेत व कुस्तीची परंपरा जुनी आहे. त्यामुळे महाविद्यालयात येणारा मुलगा अंगाने बळकट असतो, कंबरपकड त्याच्या हाडात असते, आणि एकास एक झुंजण्याची त्याची मनोवृत्ती असते. यात्रांमधील मातीच्या मैदानावर या गुणांच्या जोरावर तो भाव खाऊन जातो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील पुणे, नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील संघांशी गाठ पडते आणि सामना मॅटवर होतो, तेव्हा हेच गुण अपुरे पडतात.

याची दोन कारणे दिसतात. मॅटवर बूट घालून खेळणाऱ्या चढाईपटूचा पाय घसरत नाही. तो मातीवरच्यापेक्षा सहज दिशा बदलतो. साहजिकच विस्तारित चढाई मॅटवर अधिक धारदार होते. दुसरे कारण मुलाच्या शरीरात दडलेले आहे. मुरमाड, उन्हाने टणक झालेल्या मैदानावर घोट्यासाठी झेप घेतली की गुडघे व कोपरे फुटतात. त्यामुळे मुलगा नकळत उभ्यानेच पकड करावयास शिकतो. मॅटवर आल्यावर झेप घेण्यास हरकत नसते, पण शरीराला तशी सवय नसते. एका आंतरविभागीय सामन्यात आमच्या संघाचा डावा कोपरा पहिल्या डावातच चार वेळा बाद झाला. चारही वेळा तो उभ्यानेच हात पुढे करीत होता. मध्यंतरात त्याला रागावण्यात आले. त्या रागावण्यात प्रस्तुत लेखकही सहभागी होता. वस्तुतः त्याला सहा महिने ज्या मैदानावर आम्ही खेळवले त्या मैदानाचा तो दोष होता, आणि ते मैदान उकरून मऊ करण्याचे काम आमचे होते.

मॅट सर्वच महाविद्यालयांना परवडत नाही, हे वास्तव आहे. परंतु एका कोपऱ्यातील तीन मीटर लांब-रुंद जागा खणून, चाळलेली माती व थोडी वाळू टाकून, पाणी मारून मऊ ठेवणे कोणासही शक्य आहे. कुस्तीच्या हौद्याची माती राखणारी माणसे गावात आहेतच. त्यांच्याकडून हे शिकून घेता येते. घोट्याच्या झेपेचा सराव तेवढ्या जागेत होतो. उर्वरित मैदानावर निदान व बोनस रेषा फक्कीने रोज नव्याने आखाव्यात. पुसट रेषांवर सराव करणाऱ्या बचावपटूला मागे न पाहता रेषेचे अंतर ओळखता येत नाही.

मुलींच्या संघाविषयी एक स्वतंत्र गोष्ट नमूद केली पाहिजे. महिलांचे मैदान १२ बाय ८ मीटरचे असते. स्पर्शापूर्वीची रुंदी ६ मीटर, निदान रेषा ३ मीटरवर आणि बोनस रेषा ४ मीटरवर. सात जणी उभ्या राहिल्या तर दोघींमधील अंतर एक मीटरच राहते, म्हणून येथे साखळी अधिक काळ टिकते व टिकवावी. मात्र बोनस घेणारी खेळाडू घरापासून चारच मीटर दूर असते, तर बोनस रेषेमागील पट्टी पुरुषांपेक्षा पाव मीटरने अधिक खोल, म्हणजे २ मीटरची असते. साहजिकच बोनस देऊन परतीच्या वाटेवर पकडण्याचा डाव येथे तितकासा लाभदायक नाही. मुलांच्या संघाची रचना जशीच्या तशी मुलींना शिकवण्याची आपल्याकडील पद्धत यासाठी सोडली पाहिजे.

सरावाची वाटणी

महाविद्यालयीन संघाला दिवसाकाठी तास-दीड तास मिळतो. एस.टी.च्या वेळा, प्रात्यक्षिके आणि घरची शेतीची कामे यांतून तो काढावा लागतो. या वेळेचा बराचसा भाग चढाईच्या सरावात जातो, कारण चढाईचा सराव एकट्याला करता येतो; बचावाच्या सरावाला सगळे लागतात आणि सगळे क्वचित जमतात. यावर एक व्यवहार्य मार्ग असा की तिघे जमले तरी सराव व्हावा. अर्ध्या रुंदीचे, म्हणजे ४ मीटरचे मैदान आखावे. कोपरा, त्याचा शेजारी व कव्हर असे तिघे आणि समोर एक चढाईपटू. चढाईपटूने दर वेळी किमान दोनदा दिशा बदलावी. पहिले पंधरा दिवस पकड करण्यास मनाई असावी. केवळ परस्परांतील अंतर राखून पावले टाकावीत. मुले कंटाळतात. त्यानंतर पकड सुरू करावी, पण दुसरा गडी ‘एक’ म्हणण्याच्या आत न भिडल्यास ती पकड धरू नये.

बोनस द्यायचा की नाही हा संकेत ओरडून देता येत नाही, प्रतिस्पर्धी ऐकतो. हाताच्या पकडीतील दाब हा यासाठी चांगला संकेत आहे : शेजाऱ्याने कोपऱ्याचे बोट एकदा दाबले तर थांबायचे, दोनदा दाबले तर पुढे सरायचे. प्रत्येक जोडीने आपापले संकेत ठरवून घ्यावेत.

राहता राहिला संघनिवडीचा प्रश्न, आणि तो सर्वस्वी क्रीडा समितीच्या हातात असतो. बारा जणांच्या चमूत राखीव म्हणून सामान्यतः चढाईपटूच घेतले जातात. डाव्या कोपऱ्याचा पाय मुरगळला की त्याच्या जागी चढाईपटू उभा राहतो, आणि जोडी मोडते. राखीव पाचांपैकी निदान दोघे कोपऱ्याचे असावेत. त्यांची नावे ऑगस्टमध्ये निश्चित करून, मूळ कोपरा ठणठणीत असतानाही आठवड्यातून दोन दिवस त्यांनाच मूळ शेजाऱ्यासोबत उभे करावे.